बाबांच्या गॅलरीतली पाखरं

ती दिवसभर पाखरांची शीट तपासायची. त्या विष्ठेतून डीएनए वेगळा काढायचा, यंत्राला वाचायला द्यायचा आणि पाखराच्या आतड्यात कोणकोणते जिवाणू नांदतात ते ओळखायचं, हे तिचं काम. बाबा शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत, "लोकांच्या लेकी सोनं पारखतात, आमची शीट पारखते!"

आई गेली तेव्हा बाबांचं बोलणंच आटलं होतं. मग ते गॅलरीत एका पसरट ताटलीत बिया ठेवू लागले. गाणारी पाखरं जमायला लागली, नि बाबांना पुन्हा वाचा फुटली. "अरे, भांडू नका, सगळ्यांना पुरेल," असं ते त्यांना दटावत.

त्या हिवाळ्यात आसपासच्या बागांत पिसं फुलवून बसलेली, हुसकावलं तरी न उडणारी पाखरं दिसू लागली. मेलेली प्रयोगशाळेत आली. सगळ्यांच्या आतड्यात एकच घातक जिवाणू माजलेला. तुलनेसाठी निरोगी पाखरांची शीट हवी होती. तिने घरच्या गॅलरीतली नेली. बाबांची पाखरं कशी टुणटुणीत!

निकाल आला. तोच जिवाणू. आपल्याच हातून नमुन्यांची सरमिसळ झाली असेल म्हणून तिने नवी शीट आणून सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

"बाबा, ताटली काढावी लागेल. वरून धडधाकट दिसणारी, पण लागण झालेली पाखरं तिच्यातच शिटतात आणि बाकीची तिथलंच टिपतात."

"रोज पुसतो की मी ती!"

"नुसतं पुसून जात नाही तो."

बाबा बोटं चोळत राहिले. "म्हणजे दाण्यांबरोबर मी मरणच वाढत होतो."

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

"मला नव्हतं गं. पण तू तर हेच शिकलीस ना?"

सकाळचा चहा ती रोज त्या ताटलीशेजारीच प्यायची.

ताटली गेली, तरी पाखरं येत राहिली. कठड्यावर रांगेने बसून चिवचिवत. बाबा गॅलरीच्या काचेच्या दाराकडे पाठ करून बसायचे.

प्रयोगशाळेने गावभर सूचना दिली, लोकांनी दाणे घालणं थांबवलं. हळूहळू पाखरं मरायची थांबली. तिने घाईघाईने घरी येऊन सांगितलं.

"बरं झालं," बाबा म्हणाले.

"संध्याकाळी बागेत जाऊ या? तिथं झाडांवर असतात."

"नको गं. माझ्यापासून लांबच बरी ती."