देवळासाठी आणलेली वाळू

मी गवंडीकाम करतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, तिच्या दौंडकडच्या काठावर आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं पंधराएक. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, लहान, वर पत्रा, भिंती दगडी. त्या माझ्या वडिलांनी बांधलेल्या.

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा नदीतच व्हायचा. माझा झाला तेव्हा काठापासून पाण्यापर्यंत नुसती वाळू होती. उन्हाळ्यात बाया त्या वाळूत हातभर खड्डा करायच्या, त्याला आम्ही झिरा म्हणतो, आणि त्यात साचलेलं गोडं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायच्या. काठावरच धनगराच्या एका कुटुंबाची दोन एकर जमीन आहे. त्या घरचे आप्पा पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, मग विहीर पाडून तिथंच स्थिरावले. बाप्तिस्म्याच्या दिवशी ओले कपडे बदलायला आम्ही त्यांच्या गोठ्यात जायचो, आणि त्यांच्या घरून सगळ्यांना चहा यायचा. ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती, पण त्या चहाला कुणी कधी नको म्हटलं नाही.

पुढं वाळूउपसा सुरू झाला. पुण्याकडं इमारती वाढत होत्या आणि मी स्वतः त्या इमारतींवर कामाला होतो, त्यामुळं वाळू कुठं जाते हे मला कुणी सांगायला नको होतं. गावातल्या तरण्या माणसांनी शेती सोडून ट्रॅक्टर घेतले. भावाभावांत मारामाऱ्या झाल्या. ग्रामसभेत तो विषय कुणी काढीनासं झालं. नदीत पुरुषभर खोल खड्डे पडले, खालचा काळा खडक उघडा पडला. झिरे संपले आणि बाया टँकरची वाट बघू लागल्या.

चार वर्षांपूर्वी मंडळीनं देवळाला लागून एक खोली बांधायचं ठरवलं. काम अर्थातच माझ्याकडं आलं. माझा चुलतभाऊ वाळूच्या धंद्यात होता. देवाच्या कामाला थोडी वाळू देशील का, असं मी त्याला सहज विचारलं. दुसऱ्याच दिवशी देवळाच्या दारात दोन ब्रास, म्हणजे दोन ट्रॉल्या, वाळू येऊन पडली. मी हातात घेऊन चोळली, मातीचा कणही नव्हता. अशी वाळू बघून गवंड्याला जो आनंद होतो तो मला झाला, खोटं कशाला सांगू.

त्या रविवारी उपासना सुटली तेव्हा आप्पा फाटकापाशी उभे होते. ते सहसा देवळाकडं यायचे नाहीत. त्यांनी ढिगातली मूठभर वाळू उचलली, परत ठेवली आणि आमच्या पाळकसाहेबांना म्हणाले, "सायब, औंदा तुमची मानसं कापडं बदलाया आली तर खुशाल येऊ द्या, पन च्याला पानी न्हाई. हिरीनं तळ दावलाय. वाळू व्हती तवर तिच्यात पानी मुरायचं."

बोलण्यात राग नव्हता. चहा देता येणार नाही म्हणून माफी मागायला आल्यासारखे ते आले होते. पाळकसाहेबांनी त्यांना आत नेऊन बसवलं. मी ढिगाकडं पाठ करून उभा राहिलो.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मंडळीला थांबवलं. वाळू कुणी मागितली हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ही वाळू आपण वापरायची का, एवढंच विचारलं. मंडळीचे एक वडीलधारे पंच म्हणाले की हे शेवटचे दिवस आहेत, नद्या आटणार, माणसं माणसांवर उठणार हे शास्त्रात सांगितलेलंच आहे, मग आपल्या दोन ब्रासनं काय बिघडतं? बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब म्हणाले, "जग कधी संपणार ते आपल्याला सांगितलेलं नाही. शेजाऱ्याची विहीर आटली, हे मात्र तो स्वतः येऊन सांगून गेलाय."

मला बसवेना. मी उठलो आणि सांगितलं की ही वाळू मी मागून आणली, मीच परत नेऊन टाकतो.

मंगळवारी सकाळी एकट्यानंच ट्रॉली भरायची अशा तयारीनं गेलो, तर सात-आठ जण घमेली घेऊन आधीच आलेले. त्यात ते पंचही होते. आम्ही वाळू नदीत नेऊन पसरली. आप्पा खोरं घेऊन खाली उतरले. चुलतभाऊ काठावर उभा राहून म्हणाला, "दोन ब्रासनं नदी भरती व्हय?"

"न्हाई भरत," मी म्हणालो. आणि पुढचं घमेलं उचललं. तो वर्षभर देवळात आला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मागायला मीच गेलो होतो.

नदीला पाणी आलं तशी ती वाळू वाहून गेली. पण त्या सकाळनंतर आम्ही माणसं वाळूबद्दल एकमेकांशी बोलायला लागलो. खोली आम्ही दगड भरडून केलेल्या क्रश सँडमध्ये बांधली. गिलावा जरा खरखरीत झाला. त्या वर्षी बाप्तिस्मा घेणारा एकच होता, कुरकुंभला कंपनीत पाळीवर जाणारा. नदीतले खड्डे धोक्याचे, म्हणून प्रत्येक घरानं आपल्या टँकरच्या पाण्यातला एकेक तांब्या आणला आणि पाळकसाहेबांनी आप्पांच्या अंगणात त्याच्या डोक्यावर ते पाणी ओतलं. उरलेल्या पाण्याचा आप्पांच्या सूनबाईंनी चहा केला.

नंतर मी शनिवारची कामं घेणं बंद केलं. मंडळीतले दोघंतिघं आणि आप्पांचा मुलगा, आम्ही त्यांच्या विहिरीशेजारी मोठा खड्डा घेतला, दगड आणि खडी भरली आणि ओढ्याचं पाणी मुरायला त्यात वळवलं. आता विहिरीला फाल्गुनापर्यंत पाणी टिकतं. चैत्रात ती अजूनही आटते. गावात आणखी चौघांनी तसे खड्डे करून घेतले, त्यातले तिघं आमच्या मंडळीतले नाहीत.

पाळकसाहेबांची पुढं शिरूरकडं बदली झाली. निरोपाच्या दिवशी आभार मानायला मी उभा राहिलो खरा, पण नुसते हात जोडून खाली बसलो. त्या रविवारी त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी देवळाची पायरी पुन्हा चढलो नसतो, हे सगळ्यांसमोर सांगणं मला जमलं नाही. तळेगाव ढमढेऱ्याला काम असलं की मी वाट वाकडी करून त्यांच्याकडं जातो. त्यांच्या पत्नी, आमच्या बाईसाहेब, भाकरी वाढतात. जेवणाआधी साहेब मलाच प्रार्थना करायला सांगतात, आणि मी अन्नाच्या आधी त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतो. ते डोळे मिटून आमेन म्हणतात आणि कालवण थंड होतंय म्हणून मला घाई करतात.