सुरीआधीचं नाव

तुमच्या अंगावर सुरी चालण्याआधी तुमचं नाव कोण मोठ्याने घेतं, हे कधी विचारलंय तुम्ही? नाही ना. खर्च किती, टाके कधी काढणार, भात कधी खायचा, सगळं विचारता. नाव त्यांना ठाऊकच असणार म्हणून गप्प बसता. मग नारीन नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बुरुलचं ऐका.

बुरुल तालुक्याच्या रुग्णालयात ऑपरेशनच्या खोलीतली मोठी सिस्टर. सर्जनच्या उजव्या हाताशी उभं राहून सुरी, कात्री, चिमटा त्याच्या तळहातावर ठेवायचा, हे तिचं काम. तरुण डॉक्टर यायचे, हात बसला की राजधानीला, बिश्केकला पळायचे. बुरुल जागची हलली नाही. कुणाचा मास्क नाकाखाली घसरला तर ती नुसती बघायची, मास्क आपसूक वर जायचा.

मग आइझिरेक आली. गावातल्या एका घरची नवी सून, नवी नोकरी, आणि वर्ष सरायच्या आत तिला बिश्केकला शिकायला पाठवलं. ती जागा बुरुलने मनातल्या मनात आपल्या नावावर लावून ठेवली होती. पोरगी परतली ती पांढरेशुभ्र बूट आणि एक नियम घेऊन: कापण्याआधी सगळ्यांनी हात थांबवायचे, आणि एकाने मोठ्याने सांगायचं की माणूस कोण, करायचं काय, बाजू कुठली. मोठे सर्जन कुबात ओर्मोनोविच खूश. ते सांगण्याचं काम त्यांनी तिलाच दिलं. चहाच्या वेळी म्हणाले, “आमच्या आइझिरेकने बघा कसं वळण लावलं.”

आमच्या! बुरुलने कप खाली ठेवला. इतकी वर्षं त्या माणसाच्या हातात सुरी दिली, कधी ‘आमची बुरुल’ ऐकलं नव्हतं. घरी जाऊन तिने नवऱ्यावर राग काढला, मग कणकेवर. नियम वाईट असता तर बरं झालं असतं, चारचौघांत त्याच्या चिंध्या केल्या असत्या. पण नियम चांगला होता आणि तो तिने आणला नव्हता. यासारखी जळजळ नाही.

तेव्हापासून ती पोरीवर डोळा ठेवून असायची. एकदा चुकू दे, एकदाच.

तो दिवस उजाडला. शार्शेन नावाच्या म्हाताऱ्याचं डावं मूत्रपिंड काढायचं होतं, पार निकामी झालेलं. त्याच्या शेजारच्या खाटेवर कादिर, त्याचा उजव्या बाजूचा हर्निया, त्याचा नंबर नंतर. दोघेही कुरणांवरचे मेंढपाळ, दोघांची दाढी पांढरी. आता खरी गंमत बघा. आइझिरेकच्या सासऱ्याचं नावही शार्शेन. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. त्याच नावाचा परका माणूस समोर आला तरी नाही. ती दारात उभी राहून नुसतं म्हणाली, “आजोबा, चला, तुमची वेळ झाली.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शार्शेन उठू लागला, मग बसला. कादिर वयाने मोठा. मोठ्याच्या आधी दारातून कोण जाईल? “तुम्ही आधी,” शार्शेन म्हणाला. कादिरला वाटलं, आपलाच नंबर पुढे आला असेल. तो निघाला.

भूल द्यायला पाहुणा डॉक्टर आलेला, शेजारच्या तालुक्यातून. त्यानेही आजोबा म्हटलं, झोपवलं. म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, डावी बाजू वर. कातडीवर खुणेची शाई दिसेना. कुबात म्हणाले, काल मीच केली होती, अंघोळीत गेली असेल. अंगावर हिरवी कापडं पडली. सगळ्यांचे हात थांबले आणि आइझिरेक आपल्या त्या खणखणीत आवाजात सांगू लागली: “रुग्ण, आपले आजोबा. डावं मूत्रपिंड काढायचं.”

बुरुलच्या कानांनी तेवढंच टिपलं. आजोबा? नाव गिळलं बयेने. सुरी तिच्या हातात होती, कुबातचा हात पुढे आला होता. कापडाखाली भलताच माणूस आहे हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला फक्त त्या पांढऱ्या बुटांना मातीत बघायचं होतं.

“नाव राहिलं,” ती म्हणाली.

आइझिरेकचे कान लाल झाले. ती जवळ येऊन पुटपुटली, “एजे, माझ्या सासऱ्यांचंच नाव आहे हो. तुम्ही घ्या ना.”

आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात. एरवी बुरुल त्या हाकेने विरघळली असती. आज नाही. ते नाव एका श्वासात घेता आलं असतं तिला, पण तिने घेतलं नाही.

“बिश्केकला कोण गेलं होतं? मी की तू? नाव ऐकल्याशिवाय सुरी देणार नाही.”

कुबात भडकले. पेशंट झोपलाय, इथे सासवासुनांचं भांडण नको. मनगटावरच्या पट्टीवरचं वाचा कुणीतरी आणि संपवा. आइझिरेकनेच कापड उचललं, वाकली, आणि नाव तिच्या तोंडून सहज निघालं.

“कादिर.”

हे नाव घ्यायला तिला कसलीच आडकाठी नव्हती. ते तिच्या लक्षात आलं आणि ती भिंतीला टेकली. कुबातनी पुढे केलेला हात छातीशी ओढून घेतला. कापडाखाली म्हाताऱ्याचं धडधाकट मूत्रपिंड होतं, त्याच्याच पोटात, जागच्या जागी. बुरुलने सुरी ताटात ठेवली.

कादिर शुद्धीवर आल्यावर कुबातनी खाटेशी बसून दोन्ही घरच्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तेवढं मी त्यांच्या पदरात टाकते. कादिर म्हणाला, “मोठा होतो म्हणून पुढे गेलो. पुढच्या वेळी धाकटं करून पाठवा.”

कुबात बुरुलला म्हणाले, तुझ्यामुळे माणूस वाचला. ती का अडली होती ते तिचं तिलाच माहीत.

गोष्ट इथे थांबती तर बुरुल सुखी झाली असती. पण चार दिवसांनी आइझिरेकचा सासरा घोड्यावरून आला, सगळ्यांसाठी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस घेऊन. व्हरांड्यातच सुनेला म्हणाला, “घरात बाबा म्हण. इथे माझ्या नावाने ओरड. माझं नाव म्हणजे काय मेंढीची आतडी आहे, बाहेर काढायला घाबरतेस?” पोरगी रडत रडत हसली आणि म्हणाली: शार्शेन.

बुरुल दारात उभी होती. तिच्या सासऱ्याचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. तो वारून किती वर्षं झाली, पण अजून ती लोखंडाला ‘कडक सामान’ म्हणते. तिला कुणी असं घोड्यावरून येऊन मोकळं केलं नव्हतं. पुन्हा तीच जळजळ. खरं सांगायचं तर आजही गेलेली नाही. रोज सकाळी ती सुरी धरून पोरीच्या तोंडाकडे बघत उभी असते, चूक पकडायला टपलेली. त्या खोलीत तेव्हापासून चुकीच्या माणसावर सुरी चाललेली नाही.

तुमच्या दवाखान्यात अशी जळकी बुरुल असेलच असं नाही. तेव्हा एवढं करा माझ्यासाठी. तुमचं माणूस आत नेतील तेव्हा ढकलगाडीचा दांडा धरा, आणि भूल द्यायच्या आधी त्याच्याकडूनच मोठ्याने वदवून घ्या: नाव काय, काय करायचं, कुठल्या बाजूला. कुणी हसलं तर हसू द्या. दांडा सोडू नका.