दुसऱ्यांदा काढलेलं वचन

रूथ, सात वर्षांपूर्वी तुम्ही सगळे मला विमानासाठी मुंबईच्या गाडीत बसवायला नाशकातल्या द्वारका चौकात आला होतात, तेव्हाची एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली आहे. आज तू नाशकात ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसली आहेस, पप्पांना आत नेलंय, आणि मी इथं डब्लिनच्या फ्लॅटमध्ये ओट्याला धरून उभी आहे. मला फार भीती वाटतेय. म्हणून लिहितेय.

आपल्याकडे कुणीही परगावी निघालं की पप्पा तो बिस्किटांचा डबा पुढं करतात. त्यात पवित्र शास्त्रातली वचनं त्यांनी स्वतः लिहून घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. न बघता एक चिठ्ठी काढायची, आणि हे देवानंच दिलं असं मानून मोठ्यानं वाचायची. त्या दिवशी घरी घाईत राहून गेलं, म्हणून डबा द्वारकेपर्यंत आला. हॉर्न चालू, मम्मी माझ्या बॅगेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होती. मी चिठ्ठी उघडली, तर बाहेरच्या अंधारात टाकलेल्या चाकराचं वचन. पप्पा गाडीकडे बघताहेत असं वाटलं. मी चिठ्ठी परत आत टाकली आणि दुसरी काढली. ती 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ही निघाली. मी वाचली, तुम्ही आमेन म्हणालात. सगळ्यात मोठ्यानं तूच.

तेव्हापासून मी घाबरूनच जगतेय. व्हिसा वाढला, वॉर्डची इनचार्ज झाले, होम लोन मंजूर झालं, आणि दर वेळी वाटलं, हे माझ्या वाट्याचं नाही, मी हात घालून उचललंय. आठवतं, दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेब सांगायचे की पापातून तारण देवाच्या कृपेनं मिळतं, कमावता येत नाही. आणि पुढच्याच रविवारी सांगायचे, त्या कृपेचा स्वीकार मात्र ज्याचा त्यानंच करायचा. मला दोन्हींची धास्ती. सगळं देवाच्या मर्जीवर असेल, तर पहिली चिठ्ठी हाच त्याचा निकाल. माझ्या निवडीवर असेल, तर निवडतानाच मी लबाडी केली. इथल्या चर्चमधल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसली. मला काही हसू आलं नाही.

पप्पांच्या हार्टचं कळलं तेव्हा वाटलं, आला तो अंधार, आणि माझ्याऐवजी त्यांच्यावर आला.

आज सकाळी तू औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. हिरव्या गाऊनमध्ये ते एवढेसे दिसत होते. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डोक्यावरची कागदी टोपी सारखी केली आणि आपल्या सायखेड्याच्या बोलीत म्हणाले, "दिसलं व्हतं मला. हात तुझा व्हता, पोरी. पण डबा म्या मागं घेतला का?"

तेवढ्यात नर्स आली आणि कॉल कट झाला.

माझी भीती गेलेली नाही, रूथ. पण माझी लबाडी डोळ्यांनी बघूनही पप्पा डबा धरून उभे राहिले, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. आता घर म्हटलं की तेवढंच डोळ्यांपुढं येतं, द्वारकेच्या गर्दीत माझ्यापुढं धरलेला तो डबा.

ते शुद्धीवर आले की सांग, मी नाताळात येतेय. हाताला पहिली लागेल तीच चिठ्ठी उघडेन, अंधाराची असली तरी मोठ्यानं वाचेन. डबा मात्र त्यांनीच धरायचा.