साडूभाऊंची मोजणी

माझ्या साडूला आमच्या रस्त्यावर सगळे ‘अर्जदार’ म्हणतात, आणि तेही कौतुकानं. मी याच रस्त्यावर बावीस वर्षं लॉज चालवतोय, मला काय म्हणतात? ‘ते पोस्टासमोरचे.’ बस्स.

आधीच सांगून टाकतो, मागाहून कोणी म्हणायला नको की लपवलं. मी त्याच्यावर जळतो. त्याचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि त्याचं सारखंच चांगलं होत असतं.

तो माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. लग्न झालं तेव्हा एका मोठ्या हॉटेलात काउंटरवर उभा राहून लोकांना किल्ल्या देत होता. माझ्यापासून शंभर पावलांवरचं नऊ खोल्यांचं लॉज भाड्यानं चालवायला निघालंय, हे त्याला सांगितलं कोणी? मीच. हॉटेल-लॉज संघटनेत त्याला आणलं कोणी? तेही मीच. तेव्हा मी अध्यक्ष होतो. सात वर्षं होतो. सात वर्षांत संघटनेची पाटी लागली आणि एक ग्रुप फोटो निघाला.

हा सरचिटणीस झाला आणि पहिल्याच महिन्यात अर्ज लिहायला बसला. आमच्याकडे सकाळी आठला कचऱ्याची गाडी यायची. नेमकी गिऱ्हाईकं खोली सोडून निघायची वेळ. दारात वास, गाडीमागे अडकलेल्या रिक्षा, गिऱ्हाइकांच्या नाकाला रुमाल. आम्ही सगळे वर्षानुवर्षं नुसते चडफडत होतो. यानं अर्ज केला. तीन प्रती, पोचपावती, आणि मग दर मंगळवारी पालिकेत जाऊन बाकावर बसणं. भांडण नाही, ओळख काढणं नाही. नुसतं बसायचं. साहेबांनी ‘काय काम?’ विचारलं की म्हणायचं, ‘तेच.’ चार महिन्यांत गाडी सहाला यायला लागली. मग दिवे आले, गटारावर झाकणं आली. खानावळवाली मावशी तर येता-जाता सांगायची, “तुमचा साडू म्हणजे सोनं आहे हो!” मी हसायचो. आतून अंगाचा नुसता तिळपापड!

घरीही तेच. बायको म्हणायची, “बघा, काही शिका.” बहिणीचा नवरा ना, कौतुक असणारच. पण रोज?

मग डिव्हायडरचं प्रकरण आलं. रस्त्याच्या मधोमध कमरेएवढी भिंत घालायचं पालिकेनं ठरवलं. बस थांबते पलीकडे, पोस्टाजवळ. आमची सगळी लॉजं अलीकडे. सलग भिंत झाली की बसमधून उतरलेल्या माणसानं सामान घेऊन सिग्नलपर्यंत जायचं आणि तेवढंच परत यायचं. कोण येतंय मरायला? पलीकडच्या लॉजांत शिरतील सगळे. अर्जदारानं साहेबांना गाठलं, भिंतीत एका ठिकाणी माणसांना ये-जा करायला वाट ठेवा म्हणून. साहेब म्हणाले, “एकच मिळेल. सामान घेऊन सगळ्यात जास्त लोक जिथून रस्ता ओलांडतात, तिथे.”

एकच वाट! आता ती कुणाच्या दारासमोर येणार? ज्याच्या समोर येईल त्याची चांदी.

दुसऱ्या दिवसापासून हा सकाळी खुर्ची आणि वही घेऊन माझ्या फाटकाशेजारी बसायला लागला. एक बॅग, दोन बॅगा, कडेवर मूल, सोबत म्हातारं माणूस, सगळं लिहायचा. तीन महिने. मी म्हटलं, बघा, माझी गिऱ्हाईकं मोजतोय, माझ्या दारात बसून! यात पाणी मुरतंय. आकडे फिरवून वाट नेणार स्वतःच्या लॉजसमोर.

त्यानं अर्ज सह्यांसाठी फिरवला. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “दादा, एकदा वाचून बघा.”

“तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, साडूभाऊ,” मी म्हटलं आणि न वाचता सही ठोकली. त्याचा अर्ज वाचायचा म्हणजे त्याला मान द्यायचा. तेवढा मान द्यायची माझी तयारी नव्हती.

सुनावणी शुक्रवारी होती. त्याआधी बुधवारी पालिकेची माणसं स्वतः मोजणी करणार होती. मी मनाशी म्हटलं, थांब बेट्या.

प्रत्येक लॉजात एक कोपरा असतो, गिऱ्हाईकं विसरून गेलेल्या सामानाचा. माझ्याकडे अकरा बॅगा होत्या. त्या बाहेर काढल्या, झटकल्या. माझा मॅनेजर, दोन वेटर, धोबी आणि बायकोचा मामेभाऊ, पाच जणांना कामाला लावलं. पोस्टाकडून बॅग ओढत माझ्या दाराशी यायचं, मागच्या गल्लीतून निघून सिग्नलला वळसा घालायचा आणि पुन्हा पोस्ट. मामेभाऊ तिसऱ्या फेरीला दमला. म्हणाला, “दाजी, रिकामी बॅगसुद्धा जड लागते हो!” मी त्याला टोपी बदलायला सांगितली. काउंटरवर बसून मी मजा बघत होतो. इतक्या वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी पालिकेच्या दालनात आम्ही वीसएक जण दाटीवाटीनं बसलो. साहेबांनी कागद पुढे ओढला.

“बुधवारी एका पिवळ्या बॅगेनं सहा वेळा रस्ता ओलांडला,” ते म्हणाले. “तिचं एक चाक तुटलेलं आहे. खडखडाट ऐकून माझ्या माणसानं मान वर केली. पहिल्यांदा बॅगेबरोबर मिशीवाला होता, मग टोपीवाला, मग पुन्हा मिशीवाला. तुम्ही लोक पालिकेला समजता काय?”

कोणी हसलं नाही. मी हळूच मावशीच्या पाठीआड सरकलो.

“ही मोजणी मी रद्द करतोय. आणि यापुढे तुमच्या संघटनेचा एकही आकडा मी धरणार नाही.”

अर्जदार उठला. हातात वही होती. “साहेब, बुधवारचं सोडा. ही तीन महिन्यांची मोजणी बघा. अर्जातही लिहिलंय. सामान घेऊन ओलांडणाऱ्या दहापैकी सात माणसं पोस्टासमोरच ओलांडतात. वाट तिथेच हवी. माझं लॉज शंभर पावलं पुढे आहे, मला त्यात काही फायदा नाही, हेही लिहिलंय.”

पोस्टासमोर. म्हणजे माझ्या दारात. माझी सही होती त्या अर्जावर, सगळ्यांत ठळक.

“वही ठेवा तुमच्यापाशी,” साहेब म्हणाले. “आधी सांगा, ती बॅग कोणाची?”

साडूनं वळून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मूग गिळून बसलो.

“सरचिटणीस मी आहे,” तो म्हणाला. “जबाबदारी माझी.”

वाट नामंजूर झाली. जिना उतरताना मावशीनं त्याला सगळ्यांसमोर झापलं, “अर्जदार, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!” तो मान खाली घालून ऐकत राहिला. एरवी त्याला कोणी बोललं असतं तर मी घरी जाऊन गोड खाल्लं असतं. त्या दिवशी जीव नुसता कासावीस झाला.

पालिकेच्या फाटकाबाहेर मी त्याला गाठलं. “तुम्हाला कळलं होतं?”

“बुधवारी मी पोस्टाशेजारी चहा पीत होतो, दादा. तुमच्या मॅनेजरनं मला नमस्कार केला, बॅग ओढता ओढता.”

“मग नाव का नाही घेतलंत?”

“घेतलं असतं तर उद्या निम्मे तुमच्याकडून, निम्मे माझ्याकडून. संघटना फुटली की अर्ज कोणाच्या नावानं करायचा?” एवढं बोलून त्यानं रिक्षाला हात केला. मला म्हणाला, “चला, सोडतो तुम्हाला.”

मी चालत घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं.

भिंत आता झालीये. सलग. बसमधून उतरलेली माणसं पलीकडेच राहतात. माझ्या चौदा खोल्यांपैकी नऊ-दहा रिकाम्याच असतात. कधी एखादं जुनं गिऱ्हाईक भिंतीपलीकडून हात हलवतं. मीही हलवतो.

अर्जदारानं नवा अर्ज केलाय. वाट हवी, पोस्टासमोर. पुन्हा दर मंगळवारी तो पालिकेत जातो, आणि साहेब त्याला आता आतसुद्धा बोलावत नाहीत. माझ्या पापामुळे. गेल्या मंगळवारी मीही गेलो. बाकावर तो एकटाच होता, गुडघ्यांवर फाइल घेऊन. शिपाई त्याच्याकडे न बघता पुढून निघून गेला. मला वाटलं, यानं आता तरी उठावं, इथे चारचौघांत मला शिव्या घालाव्यात, नालायक म्हणावं. म्हणजे आम्ही फिटंफाट होऊ आणि मला याचा हेवा करावा लागणार नाही.

त्यानं फाइल उचलली आणि सरकून मला बसायला जागा करून दिली.