तूच नेस

लांबडीला राग आला की ती बोलत नाही, मागावरचा धोटा जोरात मारते. त्या दिवशी सकाळपासून शेडमधल्या सगळ्या बायकांच्या कानात तिचाच धोटा वाजत होता. ठाक, ठाक, ठाक.

उंच म्हणून लांबडी. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली की गुडघे वर येतात. पोक काढून काढून पाठ अशी झालीये की रस्त्यानं चालतानाही काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखी दिसते. लग्न होऊन आली तेव्हापासून सिल्कच्या साड्या विणते. आणि अंगावर काय? धुऊन धुऊन इतकी विटलेली साडी, की मूळ रंग तिलाही सांगता येणार नाही.

राग कसला आला होता, ते ऐका. लांबडीच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. आदल्या संध्याकाळी घरात पलंगभर साड्या पसरल्या होत्या. जाऊबाई, मामी, नणंद, सगळ्याजणी एकेक उलगडून गळ्याशी धरत होत्या. ही मला खुलते का गं? हा काठ फार रुंद नाही ना? या पदरावर कसला ब्लाऊज जाईल? लांबडी चहाचे कप उचलत होती. तेवढ्यात नणंदेनं एक गुलाबी साडी पुढं केली.

"वहिनी, लग्नात ही नेसा. जुनी आहे, पण चालेल. फक्त घामाचे डाग पाडू नका. आणि बसताना जपून हं, सिल्क आहे."

सिल्क आहे! हे कुणाला सांगते ही बाई?

लांबडी म्हणाली, "राहू दे. मी माझी नेसेन."

"तुझी कुठली?" मुलगी पटकन बोलून गेली. "आई, तुझ्याकडे एक तरी सिल्क आहे का? घे ना. सासरचे सगळे बघणार." मुलीचा हेतू वाईट नव्हता. पण मामी हसली, आणि ते हसणं लांबडीच्या डोक्यात गेलं. रात्रभर तिथंच बसलं. पोरीच्या लग्नात उसनी साडी नेसायची नाही, हे तिनं ठरवलं. मग काय नेसायचं, ते मात्र ठरेना.

तर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये अशी ठाक ठाक चालली असताना मालकांची सूनबाई आली. दुकान तीच बघते. बरोबर फोटोग्राफर, दिव्यांच्या छत्र्या, आणि मागं मागं इस्त्री. इस्त्री म्हणजे सुपरवायझर. उन्हाळ्यातही शर्टाची घडी मोडत नाही, माणूस आहे की हँगर, कळत नाही.

"मला खरी कारागीर हवी," सूनबाई म्हणाली. "मॉडेल नको. चेहऱ्यावर सुरकुत्या पाहिजेत."

शेजारच्या मागावरून ठेंगणी ओरडली, "माझ्या घ्या की! हव्या तेवढ्या घ्या, परत नका करू!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. सूनबाईनं मात्र लांबडीकडे बोट केलं. "या. यांची मान छान लांब आहे."

लांबडीला खिडकीपाशी उभं केलं. मग कपाटातून साड्या निघाल्या. सूनबाई एकेक साडी तिच्या खांद्यावर टाकी, दोन पावलं मागं जाई, डोळे बारीक करी. ही नको, हिच्या रंगावर मरते. ही फार चमकते. ही म्हाताऱ्या बायकांची. लांबडी भिंतीतल्या खुंटीसारखी उभी. तुम्हाला कुठली आवडते, असं काही तिला कुणी विचारलं नाही. शेवटी कपाटाच्या तळातून, कागदाच्या पुडक्यातून एक जांभळी साडी निघाली. हिरवा काठ, पदरावर पोपटांच्या ओळी.

"हीच! बघा कशी उजळली!"

लांबडीनं पदर हातात घेतला आणि दुसऱ्या ओळीत बघितलं. होता. एक पोपट उलट्या तोंडाचा होता.

मागावर साडी पालथी विणतात. विणणाऱ्या बाईला दिसते ती मागची बाजू, सुटलेल्या दोऱ्यांची. नक्षीचा कागद मात्र सरळ बाजूचा. कागदावर चोच उजवीकडे असली तर बोटांनी ती डावीकडे न्यायची. इतक्या वर्षांत लांबडीची बोटं कधी चुकली नाहीत. चुकली ती एकदाच. मुलीचं लग्न जमल्याचा फोन आला त्या दुपारी. मन फोनमध्ये, आणि बोटांनी कागद बघून जसाच्या तसा पोपट काढला. बाकीचे सगळे इकडे तोंड करून, हा एकटा तिकडे.

इस्त्रीनं तेव्हा साडी सगळ्यांसमोर फडकवली होती. "हा काय पोपट काढलाय? ही कोण गिऱ्हाईक नेसेल? तूच नेस आता!" आणि पुडकं बांधून कपाटात कोंबलं होतं.

कोठीच्या खोलीत जाऊन लांबडी साडी नेसली. सिल्क किती जड आणि किती मऊ, हे बोटांना ठाऊक होतं. पोटऱ्यांना नव्हतं. खोलीत तडा गेलेला आरसा होता. त्यात तिनं आपला पदर पहिल्यांदा सरळ बाजूनं अंगावर पाहिला. पाठ आपोआप सरळ झाली. हीच, तिच्या मनात आलं. पोरीच्या लग्नात मी हीच नेसणार.

बाहेर आली तशी ठेंगणी म्हणाली, "अगं बाई, ही कोण आली पाहुणी?"

मग फोटोचा तमाशा. सिल्क नेसून, हातभर बांगड्या चढवून तिला मागावर बसवलं. कुठली विणकरीण बांगड्या घालून मागावर बसते? "हसा," फोटोग्राफर म्हणाला. "धोटा मारा. प्रेमानं मारा." तिनं मारला, आणि बांगडी ताण्याच्या उभ्या दोऱ्यांत अडकली. ताडताड दोरे तुटले.

"जळल्या मेल्या तुमच्या बांगड्या!" लांबडी करवादली. "हे आता कोण सांधणार? तुमचा कॅमेरा?"

फोटोग्राफर खूश. "असाच चेहरा ठेवा! एकदम खरा वाटतोय!"

दुपारी एकदाचं आटपलं. सूनबाई गाडीत जाऊन बसली, आणि इस्त्री हात पुढं करून आला.

"चल, बदलून ये. घडी नीट घाल."

"ही मी नेणार," लांबडी म्हणाली.

"काय?"

"ही साडी. घरी नेणार. पोरीच्या लग्नात नेसणार."

इस्त्री हसला. "डोकं ठिकाणावर आहे का? फोटोपुरती दिली होती. कंपनीचा माल आहे."

"माल होता तर पुडक्यात का कोंबलात? तुम्हीच म्हणालात ना सगळ्यांसमोर, तूच नेस? नेसले."

"ते रागात बोललो होतो."

"मीही रागातच नेसलेय."

मागच्या बाजूला कुणाचा तरी धोटा थांबला. मग दुसरा. मग सगळे. इस्त्रीनं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज चढवला, "साडी उतरव म्हणतोय ना!"

लांबडी दोन पावलं पुढं आली. ताठ उभी राहिली तेव्हा कळलं, ती इस्त्रीपेक्षा चांगली वीतभर उंच आहे. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा. बाईला, भर शेडमध्ये, साडी उतरव म्हणून? या. हात लावा. उतरवून घ्या."

इस्त्रीचे कान लाल झाले. ठेंगणी मागावरून उतरून लांबडीच्या शेजारी येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. मग तिच्या शेजारी आणखी एक. इस्त्री पुटपुटला, "उद्यापासून येऊ नकोस."

"तुटलेले दोरे सांधायला दुसरी बघा," लांबडी म्हणाली, आणि निघाली. जुनी साडी कोठीतच राहिली. भर उन्हात, जांभळी सिल्क नेसून, पायात रबरी चपला घालून ती बाजारातून चालत गेली. लोक वळून बघत होते. बघू देत. घरी आली, तर नणंद दारातच. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दारातून बाजूला झाली. मुलीनं पदर हातात घेतला, फिरवला. "आई, हा एकच उलटा का गं?"

"तुझ्यामुळं," लांबडी म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सगळे गाडीत बसून हॉलवर निघाले. बाजारात गाडी अडकली, नेमकी मालकांच्या दुकानासमोर. दुकानाच्या काचेवर लांबडीचा फोटो लावलेला, माणसाहून मोठा. दोरे तुटले तेव्हाचा तो चेहरा. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: आमचे कारागीर, आमचं कुटुंब.

मुलगी म्हणाली, "आई, तू! बघ ना, किती छान आलीयेस!"

लांबडी गाडीतून उतरली. दुकानाच्या दारातल्या पोऱ्यानं काचेवरच्या बाईकडे बघितलं, मग हिच्याकडे. तीच साडी. तोच चेहरा, आणि तेवढाच रागावलेला.

"आत कोण आहे त्यांना सांग," ती म्हणाली. "कुटुंब म्हणे! घरच्या बाईच्या अंगावरची साडी कोण काढून घेतं रे?"

मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, नणंद खिडकीतून "वहिनी, उशीर होतोय" करत होती. लांबडी गाडीत येऊन बसली. सीटवर जागा कमी होती, तरी ती पदर आवरून बसली नाही. चांगली ऐसपैस बसली. पदर सुरकुतला तर सुरकुतला.