वळसंगच्या लिंबाखाली गप्प

देवाचा आवाज ऐकायला माणसं डोंगरावर जातात. मी भर एप्रिलात नगरहून एसटीनं सोलापूरला निघालो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, शाळेतून निवृत्तही झालो, आणि आमच्या पाळकसाहेबांनी सोलापूरच्या एस्तेरबाईंचं स्थळ सुचवलं. त्याही एकट्याच, निवृत्त नर्स. मुलीला विचारलं तर म्हणाली, "पप्पा, मला नका विचारू, देवाला विचारा." देवाला मी रोज विचारत होतो, तो हूं की चूं करत नव्हता. एस्तेरबाईंना मात्र प्रार्थनेत त्याचं ऐकू येतं, अशी ख्याती होती. म्हटलं, बाईंची भेट होईल आणि ही विद्याही शिकून घेऊ.

स्टँडबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हानं थोबाडीत मारली. "जुळे सोलापूर," मी रिक्षावाल्याला म्हणालो.

त्यानं माझ्या टकलाकडे पाहिलं. "टोपी न्हाय आणली व्हय, सर?"

एस्तेरबाईंनी ताट वाढूनच ठेवलं होतं: कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली, पुष्कळ दिवस टिकणारी), शेंगाचटणी आणि वाफाळती आमटी. जेवणाआधीची प्रार्थना पाहुण्यानं करायची, ही आपली रीत. मी अन्नाबद्दल आभार मानले, मग शेतकरी, एसटीचे ड्रायव्हर, आजारी, प्रवासी, सत्ताधारी, विरोधक, सगळ्यांना प्रभूच्या हाती सोपवलं. आमेन म्हणून डोळे उघडले तोवर आमटी पार निवली होती.

"भाकरी कडक हाय म्हणून बरं," बाई म्हणाल्या. "ती थांबती की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वळसंगला त्यांच्या भावाच्या शेतावर गेलो. बांधावर मोठा लिंब (कडुलिंब) होता.

"मी हितंच बसते," त्या म्हणाल्या. "एकच गोष्ट विचारायची, आन् मग त्याला बोलू द्यायचं."

मी डोळे मिटले. पुन्हा लग्न करू का, हे विचारलं. सोबत माझी शुगर, माझं घोरणं, मुलीचं मत, नगरचं चिंचोळं स्वयंपाकघर, सगळं सविस्तर सांगितलं. देवाची सोय म्हणून उत्तराचे पर्यायही दिले. मास्तरकी अशी सहजी सुटत नाही.

"झालं?" बाईंनी विचारलं. "आता गप."

तितर ओरडला. मी समजलो, होकार. विहिरीवरची मोटर बंद पडली, म्हणजे नकार. तेवढ्यात मांडीवरचा रुमाल कोणीतरी हळूच ओढला आणि माझ्या अंगावर काटा आला. डोळे उघडतो तर समोर शेळी, अर्धा रुमाल तिच्या तोंडात.

"हा नकारच म्हणायचा का हो?" मी ओरडलो.

बाईंचा भाऊ धावत आला. "आमचीच हाय, सर. तिला कापड लई आवडतंय."

"शेळीचं शेळीपाशी राहू द्या," एस्तेरबाई म्हणाल्या. "तुमी बसा की परत."

परत बसलो. आता देवाला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बऱ्याच वेळानं मनात एक वाक्य आलं. ते माझं नव्हतं हे नक्की, कारण माझी वाक्यं इतकी आखूड नसतात. 'तिला विचारलंस का?'

पाळकांना विचारलं, मुलीला विचारलं, देवाच्या तर कानीकपाळी ओरडलो. शेजारी बसलेल्या बाईला मात्र नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एस्तेरबाई, तुमच्या मनात काय आहे?"

"पहिल्या लग्नातबी मला कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "थांबा आता. मला ऐकू द्या."

त्यांनी डोळे मिटले. वाट बघणं काय असतं ते मला तिथं कळलं. सावली सरकून ऊन अंगावर आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "अजून कळलं न्हाय. कळलं की फोन करते."

नगरला पोचताच मुलीनं विचारलं, "देव काय म्हणाला?"

"बाईंना विचार म्हणाला."

"आणि बाई?"

"देवाला विचारते म्हणाल्या."

ती पोट धरून हसली. मीही हसलो, पण फोन हाताशीच ठेवला. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, तोंड उघडलं आणि मिटलं. होकार यावा असं फार फार वाटतंय. पण ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत आहे.