सौंसरच्या घरातली तार

फोन आला तेव्हा मी रामाकोन्यात एका नव्या घरात शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होतो. हातात स्पीकर, दातांत दोन स्क्रू. फोन दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा. "कुंदा गेली रे..." एवढंच तो बोलला, आणि मग नुसता नागपूरच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत राहिला. मी खाली उतरलो, स्क्रू डबीत टाकले, शिडी मिटून भिंतीला लावली. घरमालक काय झालं म्हणून विचारत होते आणि माझ्या डोक्यात कुंदा वहिनींचं चार दिवसांपूर्वीचं बोलणं घोळत होतं. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी मला फोन केला होता. "भाऊजी, रामाकोन्याचे मागचे स्पीकर कानाच्या उंचीवर घ्या. मी नाई पाहाले म्हणून छताले टांगून येसान." मी तेच करत होतो. दुसऱ्या आठवड्यात जाऊन ते खाली घेतले.

आता दीड महिना झाला. पांढुर्ण्यात आमचं टीव्ही आणि होम थिएटरचं दुकान आहे. पाटीवर नाव दादाचं, पण डोकं वहिनींचं, हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं आणि आम्ही दोघे भाऊ मात्र ते उघड बोलायला लाजायचो. वहिनी माहेरच्या सावरगावच्या, जाम नदीच्या पलीकडच्या. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे थट्टा चालायची की दरवर्षी गोटमारीच्या जत्रेत दोन्ही काठांवरून दगडफेक होते तेव्हा तिकडून गोटे येतात ते कमी पडले म्हणून आता सून आणली. त्या हसून म्हणायच्या, "गोटा तं परत फेकता येते, मले नाई फेकता येत." बीएस्सी झालेल्या होत्या. दुपारी दुकान सुस्त असलं की काउंटरवर इंग्रजी मॅन्युअल उघडून, शिसपेन्सिलीनं खुणा करत बसायच्या. होम थिएटरच्या एका संचात आधी पाच स्पीकर होते, मग सात झाले, मग छतातही चार आले, आणि या सगळ्यांना आवाज वाटून देणारा प्रोसेसर वर्षागणिक हुशार होत गेला. दादानं हात टेकले. वहिनींनी नाही टेकले. गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, "पंगतीत अकरा माणसं बसले, तं प्रत्येकाच्या पानात एकाच वेळी वाढलं पाह्यजे. लांब बसलेल्याले आधी वाढून चालत नाई अन् जवळच्याले उशिरा वाढूनबी चालत नाई. हे सारं हा डबा एका क्षणात मोजते." कापसाचा व्यापारी असो की मास्तर, मान डोलवूनच जायचा. मला वाटायचं, मीही असंच समजावतो. नव्हतो समजावत.

त्यांच्या कामाची शिस्त मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. खोलीच्या मधोमध तिपाईवर छोटा माइक ठेवायचा, पंखा बंद, फ्रिज बंद, माणसं बाहेर. मग स्पीकरमधून एकामागून एक सूं सूं असे आवाज निघायचे आणि प्रोसेसर ती खोली ओळखून घ्यायचा, काच कुठं आहे, पडदा कुठं आहे. एकदा एका घरी मालकाचा जावई मधेच चहा घेऊन आत आला, तर वहिनींनी त्याला चहासकट बाहेर काढून मोजणी पहिल्यापासून केली. जावयाला! मालक हादरले, पण वहिनींचं आपलं म्हणणं होतं की जावई दिवाळीला येतो, आवाज रोज ऐकायचा आहे.

सौंसरच्या वामनरावांचं घर हे आमचं सगळ्यात मोठं काम. माणूस संत्र्याचा मोठा बागाईतदार, हौशी आणि चार लोकांत बोलका. त्यांनी हॉलमध्ये अकरा स्पीकर घ्यायचं ठरवलं आणि दादा आठवडाभर जमिनीवर नव्हता. टीव्हीपासून प्रोसेसरपर्यंत भिंतीतून तार न्यायची होती, ती मी नेणार होतो. भिंतीतल्या पाइपाला एक वळण असं होतं की एचडीएमआयची जाड तार तिथं अडकली ती अडकलीच. दोन तास झटलो. गिलावा फोडायचा म्हणजे मालकाची बोलणी खायची. शेवटी चिडून मी बारीक ऑप्टिकल तार ओढून घेतली, टीव्हीचा आवाज साध्या स्टीरिओवर ठेवला आणि वाजवून पाहिलं. अकराच्या अकरा स्पीकर वाजले. दोन दिवसांनी मोजणीला आलेल्या वहिनींनी विचारलं, "तार बराबर टाकली ना भाऊजी?" मी म्हणालो, टाकली. मोजणीला टीव्ही लागत नाही, त्यामुळे ते तेव्हा उघडं पडलं नाही.

खरा प्रकार असा होता की टीव्हीतून दोनच चॅनेल, म्हणजे डावा आणि उजवा एवढाच आवाज, येत होते आणि प्रोसेसर आपल्या ताकदीनं अंदाज बांधून त्या दोनाचे अकरा करत होता. इतकं छान करत होता की वामनराव पाहुण्यांना बसवून बसवून ऐकवायचे. सात-आठ महिने गेले. मग त्यांनी सोफे बदलले म्हणून पुन्हा मोजणी करायला वहिनी आणि मी गेलो. काम झाल्यावर वहिनी मधल्या सोफ्यावर बसल्या आणि टीव्हीवर विमानाचं एक दृश्य लावलं. विमान डोक्यावरून गेलंच नाही, समोरच घोटाळलं. त्यांनी प्रोसेसरच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं. डब्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली : इनपुट, दोन चॅनेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... मी पायाखालची फरशी पाहत होतो. वामनराव तेव्हा घरी नव्हते.

परतीच्या वाटेवर जामसांवळीचा फाटा मागे पडला. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, खराब तार मालकाले एका दिवसात समजते. या डब्यानं तुमची चूक झाकून ठेवली, म्हणून ते आपल्यालेच सांगा लागन." मी गयावया केली. गुपचूप तार बदलून टाकू म्हणालो. तो माणूस खूश आहे, त्याला कळणारही नाही, सौंसरमध्ये आपलं नाव जाईल. "तो आवाज त्याले मिळालाच नाई ना," त्या म्हणाल्या, "खूश हाय म्हणून काय झालं?" दुसऱ्या दिवशी त्या एकट्या बसनं सौंसरला गेल्या. मी दुकानात बसून राहिलो, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. संध्याकाळी परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "झालं. उद्या सकाळी जा, वामनराव काकाजी बागेत राहतेत तवा. फायबरची बारीक एचडीएमआय येते, थे न्या, पाइपातून जाईन." गेली. विमान डोक्यावरून गेलं. मी विचारलं, काकाजी रागावले का? त्या म्हणाल्या, चूक कबूल केली की माणूस फार रागावत नाही.

त्यानंतर सौंसरच्या दोन-तीन घरांतून निरोप आले, "भाऊ तुम्हीच या, बाईच्या हातची फिटिंग नको." मला संताप यायचा. बाईमाणसाचं काम लोकांना पचत नाही, असं मी त्यांना फोनवर सुनावलंही, छाती काढून. वहिनी म्हणायच्या, जाऊ द्या, आणि दुकानात बसून फोनवर मला एकेक आकडा सांगायच्या. मी जाऊन तो प्रोसेसरात भरून यायचो. त्या घरांतला आवाज आजही आमच्या कामातला सगळ्यात चांगला आवाज आहे. तो वहिनींचा आहे.

तेरवी झाल्यावर वामनरावांचा फोन आला, टीव्ही पडद्यावर काही अपडेट मागतो आहे म्हणून. गेलो. काम चालू असताना ते शेजारी बसून वहिनींबद्दल बोलत होते. "मोठी इमानदार बाई. एकच काम चुकलं तिच्या हातून, पण घरी येऊन बोलली. म्हणे, काकाजी, थे तार म्याच टाकली, माह्यानं चुकलं."

मी रिमोट खाली ठेवला. वहिनींनी 'दुकानाची चूक' म्हटलं असेल, असंच मी इतके दिवस धरून चाललो होतो. खोटं बोलायचं नाही म्हणून त्या सौंसरला गेल्या, आणि तिथं जाऊन एकच खोटं बोलल्या, ते माझ्यासाठी.

"काकाजी," मी म्हणालो, "थे तार म्या टाकली होती. वहिनी त्या दिवशी पांढुर्ण्यात दुकानात होत्या. मले इचारलं तं म्या त्याइलेबी खोटं सांगतलं."

वामनराव उठले. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि आत हाक मारून बायकोला, मुलाला, सुनेला बोलावलं. "आता याइच्यासमोर पुन्हा सांग. म्या साऱ्या सौंसरले सांगत फिरलो, बाईनं चुकोलं म्हणून."

मी उभा राहून पुन्हा सांगितलं. संध्याकाळी दादाला सांगितलं. तो उठून आत गेला. आणि आता इथं लिहितो आहे, सौंसरमधल्या ज्यांनी ज्यांनी बाईच्या हातची फिटिंग नको म्हटलं त्यांच्यासाठी. ती चूक माझ्या हातची होती. ती ज्यांनी पकडली, त्या आमच्या कुंदा वहिनी होत्या.